गंगीचं डोहाळजेवण आणि माझी साखर

डॉक्टरांनी माझी साखर बंद केली, त्याच आठवड्यात मी साखर कारखान्यांच्या मुलखात सहलीला निघाले. याला योगायोग म्हणावं की गाढवपणा, यावर आमच्या घरात दोन तट पडले. नवरा दुसऱ्या तटाचा पुढारी. सासूबाई कुठल्याच तटात नव्हत्या. त्यांनी नुसता माझा प्रवासाचा डबा उघडला, त्यातले डिंकाचे लाडू काढून घेतले आणि तिथे फुटाणे भरले.

सहावा महिना चालू होता. गरोदरपणात काही जणींची साखर वाढते, तशी माझी वाढली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका, पण सांभाळा. मी बरोबर उलटं केलं. भरपूर घाबरले आणि अजिबात सांभाळलं नाही. बोटाला टोचून साखर मोजायचं यंत्र विकत घेतलं, ते पर्सच्या तळाशी ठेवलं आणि वरून रुमाल घातला. त्यात सल्ले देणाऱ्यांची रांग. आई म्हणे शहाळं पी, शेजारच्या काकू म्हणत केशर घे, ऑफिसमधली एक अविवाहित मुलगी मला रोज बदाम मोजून द्यायची. पोट दिसायला लागलं की बाई सगळ्या सोसायटीची होते.

अशात अनघाचा फोन आला. अनघा माझी कॉलेजची मैत्रीण. गेली दोन वर्षं ती इंदापूर तालुक्यात वानरांच्या मागे फिरते. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची, आपली नेहमीची वानरं. त्यातही ती पोटुश्या माद्यांचा अभ्यास करते. त्या काय खातात, कसल्या जागेत राहतात आणि त्याचा पोटातल्या पिल्लावर काय परिणाम होतो, हे तिला शोधायचंय. ती म्हणाली, माझी एक मादी आता शेवटच्या महिन्यांत आहे, दोनदा पिल्लू गेलंय तिचं, आणि इथल्या बायकांनी शनिवारी तिचं डोहाळजेवण ठरवलंय. मला कसं थांबवावं कळत नाही, येतेस का? तिला मदत हवी होती. मला काय वाटलं सांगू? मी काय खावं याबद्दल जिला काहीही मत नाही अशी एक तरी बाई जगात भेटेल. वानरी असली तरी चालेल.

डॉक्टरांची परवानगी घेतली. दर तासाला उतरून चाला, एवढीच त्यांची अट होती. तर मंडळी, रस्त्याचं सांगते. पुण्याहून सासवड-जेजुरी-मोरगाव असाही बारामतीचा रस्ता आहे, पण घाटातली वळणं माझ्या पोटाला मानवली नसती, म्हणून आम्ही सोलापूर हायवे धरला आणि पाटसपासून उजवीकडे वळलो. 'आम्ही' म्हणजे मी आणि भाड्याच्या गाडीचे ड्रायव्हर मोरेकाका. रस्ता चांगला आहे, बाळंतिणीलाही न्यावा इतका. पण दर तासाला उतरायचं म्हणजे दर तासाला रसवंतीसमोर उतरायचं, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं नव्हतं. त्या रस्त्यावर दुसरं काही नाहीच. मी घुंगरांच्या तालावर येरझाऱ्या घालायचे आणि मोरेकाका माझ्यासमोर आलं-लिंबू घातलेला मोठा ग्लास संपवायचे. तिसऱ्या थांब्याला ते म्हणाले, "मॅडम, लिंबाची फोड तरी चोखा." मी चोखली. माझी इतकी दया आजवर कुणालाच आली नव्हती.

बारामतीत अनघा भेटली. तिच्या अभ्यासाचे नमुने थंड ठेवायला बर्फ लागतो, तो न्यायला ती गावातून आली होती. बसस्टँडजवळच्या एका खानावळीत बाजरीची भाकरी, मटकी आणि शेंगदाण्याची चटणी जेवलो. पुण्यात एका कॉफीला जेवढे जातात तेवढ्यात दोघींचं पोट भरलं. ताटात गुळाचा खडा होता, तो अनघाने माझ्याआधी उचलला. त्यानंतर मी हट्ट केला की ब्लॉगसाठी हंगामातल्या कारखान्याचे फोटो हवेत, म्हणून वाट वाकडी करून माळेगाव बुद्रुकला गेलो. जायचं असेल तर जानेवारीत जा. ऊस भरलेल्या ट्रॉल्यांची रांग, मधूनच बैलगाड्या, ट्रॅक्टरवर फुल आवाजात गाणी आणि हवेत मळीचा तो वास. पहिली पाच मिनिटं नको वाटतो आणि नंतर केसातून जात नाही. एका ट्रॅक्टरवाल्याने माझं पोट बघून न मागता सोललेलं उसाचं कांडं हातात दिलं. अनघा बर्फाची पेटी नीट लावत होती. मी पाठ फिरवली आणि खाल्लं. छान लागलं, खोटं कशाला बोलू.

तिथून परत बारामती आणि मग इंदापूर रस्त्याने जंक्शन. जंक्शन हे गावाचं नाव आहे, रेल्वे शोधू नका, मी शोधली. तिथून वालचंदनगर, कळंब आणि पुढे नीरेच्या काठची एक वस्ती. वस्तीचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर तुमच्यातले निम्मे लोक वानरांसाठी केळी घेऊन जातील आणि अनघा माझ्याशी जन्मात बोलणार नाही. एक मात्र सांगते. या दिवसांत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायच्या भानगडीत पडू नका. मागचा ट्रेलर कुठे जाईल हे पुढच्या ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं.

आमचा मुक्काम पारूआक्कांकडे होता. आक्का साठीच्या असतील, बारा एकर ऊस, दोन मुलं कारखान्यात, आणि वस्तीच्या भजनी मंडळाच्या त्या प्रमुख. अनघाला त्यांनी वरची खोली दिलीय आणि भाड्याचा विषय काढला की त्या ऐकू येत नसल्यासारखं करतात. मला त्यांनी आपादमस्तक बघितलं, पोटावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, लई बारीक हायस बया, हितं आलीस ती बरं झालं. मी गेल्या महिन्यात घेतलेला सैल कुर्ता घातला होता, आणि तोही मला घट्ट व्हायला लागला होता. त्या क्षणापासून मी आक्कांची झाले.

शुक्रवारी सकाळी टोळी बघायला गेलो. नदीच्या वळणावर मारुतीचं देऊळ आहे आणि देवळाभोवती उंबर, चिंच, करंज, वड अशी जुनी झाडं. बाकी चहूकडे ऊस. अनघा म्हणाली, पूर्वी बांधाबांधावर बाभळी आणि लिंब होते, ते गेले, आता वानरांना पाला म्हणून मिळतो तो एवढ्यातच. मग ती ट्रॉलीवरचा ऊस ओढतात, मका खातात आणि शनिवारी देवळात पेढे. मी ज्ञान घेत उभी होते, तेवढ्यात अनघाने माझ्या हातात एक पिशवी दिली आणि म्हणाली, तयार राहा. वरून काहीतरी पडलं. अनघा आनंदाने धावली. मंडळी, एखादी पीएचडीला निघालेली बाई वानराच्या शीकडे ज्या प्रेमाने बघते, तसं माझ्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही.

ती शी म्हणजे तिचं सगळं संशोधन. मादीला न पकडता, सुई न लावता, त्या शीतून कळतं की ती पोटुशी आहे का, शरीरावर ताण किती आहे, अंगात ताकद किती उरलीय. लेबल लावायचं काम माझ्याकडे आलं. मी पहिल्याच नळीवर तारखेच्या जागी माझ्या पुढच्या सोनोग्राफीची तारीख लिहिली.

मग गंगी दिसली. डावा कान फाटलेला, पोट खाली आलेलं, उंबराच्या बेचक्यात पाय पसरून बसलेली. हुबेहूब मी, सोफ्यावर. बायकांनी तिला गंगी नाव ठेवलंय. अनघाच्या कागदांत ती मादी नंबर सात आहे, पण एकटी असली की अनघाही गंगीच म्हणते. ती एकेक कच्चं उंबर तोडून हुंगत होती, निम्मी टाकून देत होती. एवढ्यात देवळाच्या पायरीवर कुणाच्या तरी पिशवीचा आवाज झाला आणि ती, इतकी अवघडलेली, धडधडत खाली उतरली. मागून सगळी टोळी. दात विचकणं, ओढाओढी, एका कुत्र्याचं मध्येच घुसणं. गंगीला पेढा मिळाला आणि पाठीत एक थप्पडही. अनघाच्या अंदाजाप्रमाणे देवळात गर्दी झाली की पुढच्या एक-दोन दिवसांच्या नमुन्यांत ताण जास्त दिसतो. अजून पक्कं नाही, असं ती प्रत्येक वाक्यानंतर म्हणते, तिला सवय आहे.

गंगीचं एक पिल्लू मेलेलंच जन्मलं, दुसरं जन्मल्यावर काही दिवसांत गेलं. आक्कांचं म्हणणं सरळ होतं. तिचे डोहाळे कुणी पुरवलेच नाहीत, म्हणून असं झालं. रानातलं जनावर झालं म्हणून काय, बाईच ना ती. या खेपेला सगळं रीतीनं करायचं. पुरणपोळी, गुळाचा शिरा, शेंगदाण्याचे लाडू, फांदीला हिरवं लुगडं बांधायचं, डोहाळ्यांची गाणी म्हणायची. भजनी मंडळाने घरोघरी कामं वाटून घेतली होती. आणि अनघाला हे सगळं चोवीस तासांत थांबवायचं होतं, तेही कुणाचं मन न दुखावता.

दुपारी देवळाच्या मंडपात अनघाने बायकांना जमवलं आणि भाषण केलं. तक्ता आणला होता, रंगीत रेघा होत्या. संप्रेरकं, आंबवण, सूक्ष्मजीव असे शब्द होते. बायका फार प्रेमाने ऐकत होत्या. शेवटी काही प्रश्न आहेत का असं विचारल्यावर मागून एकीने अनघाला विचारलं की लग्नाचं कुठवर आलंय. आक्का म्हणाल्या, लई छान बोललीस पोरी, पण उद्याचं उद्या बघू, आणि लाडवांचं ताट माझ्यापुढे सरकवलं. त्यांचं ठरलं होतं की माझीही ओटी गंगीबरोबरच भरायची. दोघींचं एकदम, एवढी बाई लांबून आलीय. मला नाही म्हणता येईना. एक लाडू आक्कांच्या हातचा, एक त्यांच्या सुनेच्या हातचा आणि एक कुणाचा ते माहीत नाही, पण तोही खाल्ला.

आणि माझ्या फोनचा गजर वाजला. साखर तपासायची वेळ.

मी तो गप्प करायला गेले, पण आक्का म्हणाल्या कुणाचा फोन हाय, घे की. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मी थाप मारणार होते, पण अनघाने हळूच पर्सकडे बोट केलं. मग काय, रुमाल बाजूला सारला, यंत्र काढलं, बोटाला टोचलं. बायका घोळका करून बसल्या. आकडा आला. तो आकडा मी इथे लिहीत नाही, सासूबाई हा ब्लॉग वाचतात. पण यंत्राने पीप पीप करून लाज आणली, आणि मला रडूच आलं. मला वाटत होतं मी विनोद करून हे सगळं निभावते आहे. तिथे, तीन लाडू पोटात घेऊन, पहिल्यांदा स्पष्ट भीती वाटली.

आक्कांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं. मला गोड चालत नाही, माझी साखर वाढली की ती बाळाकडे जाते, बाळ जास्तच मोठं होतं, बाळंतपण अवघड होतं, जन्मल्यावर त्याला त्रास होतो. आक्कांनी ताट हळूच मागे घेतलं. म्हणाल्या, मग बोलायचं न्हाई व्हय? आणि अनघाकडे वळल्या.

"आणि गंगीचं? तिचं बी असंच हाय का?"

अनघाने तक्ता गुंडाळून खाली ठेवला. ती म्हणाली, असंच नाही, पण वानराचं पोट गाईसारखं असतं, रवंथ करत नाही एवढाच फरक. पाला कुजवून खायचं पोट. त्यात गूळ-पेढे पडले की बिघडतं.

आता इथे अख्ख्या मंडपाला एकदम समजलं. लग्नाचा उरलेला भात आणि बुंदी खाऊन गाय फुगते, ती रात्र प्रत्येक घराने काढलेली आहे. एकीने कुणाच्या तरी जर्सी गाईची गोष्ट सुरू केली, दुसरीने ती मध्येच तोडून स्वतःच्या म्हशीची. अनघाच्या दोन वर्षांच्या कामाचं सार एका बुंदीच्या पातेल्यात मावलं, आणि ती वेडी आनंदाने वहीत काहीतरी लिहीत होती. मध्येच जवळजवळ सगळ्या बायकांनी त्यांचीही बोटं टोचून घेतली. यंत्रात घालायच्या माझ्या महिनाभराच्या पट्ट्या तिथेच संपल्या.

अडले ते तात्या. तात्या देवळाचे गुरव. त्यांचं म्हणणं, डोहाळजेवणाचं तुमी बायका बघा, पण शनिवारी लोक पेढे आणतात त्यांना न्हाय कसं म्हणू? नैवेद्याला कुणी न्हाय म्हणतं व्हय? वानर म्हणजे देवाचं रूप, त्याला उपाशी ठेवायचं? त्यांचाही मुद्दा खोटा नव्हता, आणि त्यात राग नव्हता, काळजी होती. अनघा गुंडाळलेला तक्ता उगाच परत गुंडाळत होती. मी बोटाला कापूस लावून बसले होते.

आक्का म्हणाल्या, "तात्या, शनवारी मारुतीला तुमी काय घालता? रुईच्या पानांची माळच ना? त्याला पाला चालतोय. पेढ्याची सवय आपुन लावली."

तात्यांनी मान खाजवली. शेवटी असं ठरलं की पेढे गाभाऱ्यात दाखवायचे, दार लावायचं आणि प्रसाद माणसांनी माणसांना वाटायचा, पायरीवर काही ठेवायचं नाही. आणि डोहाळजेवण होणारच, त्यावर तडजोड नाही. फक्त डोहाळे गंगीचे पुरवायचे, आपले नाही. अनघाला विचारलं, तिला मनापासून काय आवडतं ते सांग. अनघाने दोन वर्षांत बघितलेलं सगळं सांगितलं. उंबराची कच्ची फळं, चिंचेचा कोवळा पाला, वडाचे कोंब, करंजाची पालवी, बाभळीच्या शेंगा. पण तोडून आणू नका, हातानं देऊ नका, तिचं ती खाईल, असंही म्हणाली.

तर शनिवारचं ते डोहाळजेवण असं झालं. बायका हिरव्या साड्या नेसून उंबराखाली बसल्या, वर गंगी. लुगडं फांदीला न बांधता आक्कांनी बुंध्याला गुंडाळलं. डोहाळ्यांची गाणी म्हटली. गंगी वर बसून चिंचेचा पाला ओरबाडत होती आणि तिचं आमच्याकडे काडीचंही लक्ष नव्हतं. एकदा तिने वरून शी केली, ती अनघाने भर गाण्यात धावत जाऊन उचलली, आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. एक हुप्या पायरीवर येऊन बसला, बराच वेळ वाट बघितली, रिकामी पायरी हुंगली आणि नाराज होऊन गेला. माझी ओटी ज्वारीच्या हुरड्याने आणि शेंगांनी भरली. पुरणपोळ्या झाल्या होत्याच, त्या मोरेकाकांनी आणि तात्यांनी मिळून संपवल्या. मी जेवले भाकरी, पिठलं आणि दुसऱ्यांच्या पोळीचा वास.

संध्याकाळी आक्कांना नरसिंहपूरला न्यायचं होतं. नीरा आणि भीमा मिळतात तिथे नृसिंहाचं मोठं देऊळ आहे. वस्तीपासून रस्ता बराच, मधे खडबडीत, पण जा. दगडी घाट, खाली दोन नद्यांचं पाणी आणि गर्दी नसेल तर इतकी शांतता की स्वतःचं पोट गुरगुरलेलं ऐकू येतं. आक्कांना गंगीसाठी नवस बोलायचा होता. दर्शन झाल्यावर आम्ही तिघी घाटावर बसलो.  आक्का म्हणाल्या, दुसरं पिल्लू मेलं तेव्हा गंगी ते सोडत नव्हती. काखेत घेऊन फिरायची. एके दिवशी ते घेऊन माझ्या दारात येऊन बसली.

"मी तिला गूळ दिला. दुसरं काय देणार बाई? आल्या-गेल्याला गूळ-पाणी द्यावं, एवढंच येतं मला." त्या अनघाकडे वळल्या. "माझ्याच हातानं झालं का गं?"

  अनघाने आक्कांचा हात धरला आणि म्हणाली, "माहीत नाही आक्का. पाला कमी झालाय, कुत्री आहेत, उसावर फवारे आहेत, ती स्वतः अशक्त होती. एकट्या गुळावर ढकलता येत नाही. खरंच माहीत नाही."

आक्कांनी मान हलवली. खोटा दिलासा दिला असता तर त्यांना चाललं नसतं असं मला वाटलं. मी मात्र तो द्यायला तोंड उघडलं होतं, बरं झालं अनघा आधी बोलली. गाडीत परत जाताना आक्का माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या.

रविवारी परत निघाले. सोबत शेंगा, हुरडा आणि अनघाने दिलेली, मी चुकीची तारीख लिहिलेली रिकामी नळी, आठवण म्हणून. पाटसजवळ मोरेकाकांनी रसवंतीसमोर गाडी थांबवायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मी पुढे चला म्हटलं. पुण्यात आल्यावर तीनही लाडवांची कबुली दिली आणि पुढचे तीन महिने अगदी शहाण्यासारखी वागले. म्हणजे बहुतेक दिवस.

फेब्रुवारीच्या शेवटी अनघाचा निरोप आला. गंगीला पिल्लू झालं, जिवंत आहे. पुढे रोज एकच शब्द यायचा, 'आहे'. मी सकाळी डोळे उघडून आधी तो शब्द बघायचे. एप्रिलमध्ये मला मुलगी झाली, दोघी ठणठणीत. अनघा म्हणते एका मादीवरून काहीच सिद्ध होत नाही. आक्का म्हणतात नरसिंहानं ऐकलं. तात्या म्हणतात मारुतीचं देऊळ जवळचं, मग श्रेय नरसिंहाला कसं.

आणि मी? मी मुलीला कुणाच्या हातात देईना. फोनवर वाचून वाचून जंतू, वास, ठसका, मान, सगळ्याची भीती. सासूबाई हात धुऊन यायच्या आणि दारात उभ्या राहून परत जायच्या. मी मुलीला एका हातात धरून थंडगार वरणभात गिळायचे आणि मनात म्हणायचे, मी किती चांगली आई.

मागच्या आठवड्यात अनघाने एक चित्रफीत पाठवली. देवळामागचा वड. गंगीचं पिल्लू, काळपट, सुरकुतलेलं, एका मादीच्या कुशीत. तिच्याकडून दुसरीने ओढून घेतलं, दुसरीकडून तिसरीने. ते चिवचिवत होतं, पण कुणी टाकत नव्हतं. माझा जीव वर-खाली. गंगी कुठे आहे? कॅमेरा फिरला. गंगी लांब, वरच्या फांदीवर, पोराकडे पाठ करून दोन्ही हातांनी पाला खात होती. शांतपणे, पोट भरून. मागे आक्कांचा आवाज आला, कुणाला तरी दटावत होत्या. "जाऊ नका कुणी जवळ. मावशा हायत की पोराला. खाऊ दे तिला आधी."

मी ते तीनदा बघितलं. मग उठले, स्वयंपाकघरात गेले आणि मुलीला सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी तिला छातीशी घेतलं आणि तव्याकडे बोट केलं. मी पाटावर बसले आणि गरम भाकरी दोन्ही हातांनी मोडून खाल्ली.